मागच्या भिंतीकडचे कप

प्रिय ईरा आणि निषाद,

गेल्या रविवारी फोनवर ईराने मला विचारलं, "आजी, देशादेशांत मुक्त व्यापाराचे करार होतात ना, त्यामुळे तुझ्या ओळखीच्या कुणाचं काही झालं का? कॉलेजात लिहून द्यायचंय." मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "झालं तर! बाहेरचा खराब माल स्वस्तात आला आणि आमचा चांगला चाललेला कारखाना बंद पडला." ईराने ते टिपून घेतलं. फोन ठेवला आणि मी तशीच खुर्चीत बसून राहिले. बाहेरचा माल खराब आणि आमचा चांगला, हेच मी पूर्वी एकदा इंग्रजीत लिहिलं होतं. ते खोटं होतं, आणि त्याखाली सही दुसऱ्याच बाईंची होती.

त्या बाईंना भेटून हे सांगावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपरीला गेले. त्यांच्या सुनेने, वैशालीने, दार उघडलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुम्हाला कुणी कळवलं नाही का? आईंना जाऊन तीन आठवडे झाले."

म्हणून आता हे लिहिते आहे. ईरा, तू टिपून घेतलेलं आधी खोडून टाक. निषादला माझं अक्षर लागत नसेल तर त्याला वाचून दाखव.

त्यांचं नाव द्वारकाबाई जाधव. तुमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलं नाही. ठेंगण्या, सावळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कुणाच्याही घरी चहा आला की त्या कप उचलण्याआधी त्याच्या काठावर नखाने टिचकी मारत आणि मान किंचित कलती करत. मग चहा घेत. पहिल्यांदा त्यांनी आमच्या घरी असं केलं तेव्हा तुमचे आजोबा फार खट्टू झाले होते. "आमचे कप काय चोरीचे आहेत का हो?" असं त्यांनी विचारलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "तसं नाही हो साहेब. ओळख नको का करून घ्यायला?"

बाळकुमला आमचा चिनी मातीच्या कपबश्यांचा कारखाना होता. आज तिथे उंच इमारती आहेत. मी कारखान्याच्या ऑफिसात होते. इंग्रजी पत्रव्यवहार, सरकारी कागद, फायली, सगळं माझ्याकडे. द्वारकाबाई तपासणीच्या टेबलावर. आम्ही हॉटेलांसाठी जाड कप करत असू. पांढरा रंग, काठाखाली एकच निळी रेघ. ठाण्या-कल्याणच्या कितीतरी हॉटेलांत तुम्हाला तो कप दिसला असता. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप द्वारकाबाईंच्या हाताखालून जाई. त्यांच्याकडे तुटक्या लाटण्याची एक मूठ होती. डावीकडून कप घ्यायचा, डोळे मिटायचे, मुठीने हलकेच वाजवायचा आणि उजवीकडच्या तीन पाट्यांपैकी एकीत ठेवायचा.

"डोळे कशाला मिटता?" मी एकदा विचारलं.

"डोळ्यांना रंगरूप आवडतं, मॅडम. तडा आत असतो."

कपांची त्यांनी माणसांसारखी वर्गवारी केली होती. खणखणीत वाजला तो बोलका. बद्द वाजला तो मुका, त्याच्यात तडा असणारच. आणि या दोघांच्या मधला, आधी नीट वाजून शेवटी घसा धरणारा, तो खोकणारा. खोकणारा कप दिसायला चांगला असे, पण पाच-सहा महिने गरम चहा प्यायला की कानापाशी तडके. कुणी घाई केली, "मावशी, टेम्पो उभा आहे," म्हणालं, तर त्या मूठ वर धरून म्हणत, "थांब रे, त्याला बोलू तरी दे."

दर शनिवारी त्या ऑफिसात येत आणि मालकांना तेच सांगत. "साहेब, मागच्या भिंतीकडचे कप खोकतात. भट्टीची मागची भिंत खचलीये, आच सारखी लागत नाही." मालक स्वभावाने वाईट नव्हते. हसून म्हणत, "मावशी, गिऱ्हाईक खोकत नाही ना? मग झालं." आणि खरंच, गिऱ्हाईक जाणार कुठे? बाहेरून येणाऱ्या कपांवर भरपूर आयात कर होता. आमचा खोकणारा कपसुद्धा त्यांच्या बोलक्या कपापेक्षा स्वस्त पडत असे. खोकणाऱ्यांची पाटी मग 'दोन नंबर' म्हणून लहान टपऱ्यांना जाई.

मग पूर्वेकडच्या देशांशी करार झाला. कर एका दिवसात गेला नाही. दरवर्षी थोडा थोडा उतरणार होता, आणि तो कसा उतरणार याची परिपत्रकं आमच्याकडे येत होती. मीच ती फोडायची, मालकांच्या टेबलावर ठेवायची आणि त्यांनी बाजूला सारली की तारखेप्रमाणे फायलीत लावायची. फाईल फार नीटनेटकी होती.

काही वर्षांनी एके दिवशी कल्याणचे एक व्यापारी आले आणि त्यांनी मालकांच्या टेबलावर एक कप ठेवला. पांढरा, जाड, काठाखाली निळी रेघ. मालक म्हणाले, "आपलाच आहे की." व्यापाऱ्यांनी कप उलटा केला. बुडाशी दुसऱ्याच देशाचं नाव. किंमत सांगितली, ती आमच्या दोन नंबरच्या कपापेक्षाही कमी होती. आमची रेघसुद्धा त्यांनी जशीच्या तशी उचलली होती.

महिन्याभरात मालकांनी सरकारकडे अर्ज करायचं ठरवलं. हा माल कमअस्सल आहे, गरम चहाने फुटून लोकांना इजा होईल, तेव्हा कपबश्यांना करारातून वगळा. अर्जाला तपासनिसाचा दाखला हवा होता. मालकांना द्वारकाबाईंच्या कानाबद्दल खात्री होती. त्यांनी सहा परदेशी कप आणि त्या सकाळच्या भट्टीतले आपले सहा कप मिसळून टेबलावर मांडायला लावले. आम्ही सगळे भोवती उभे. पॅकिंगमधली शालू हळूच म्हणाली, "मावशी, पाज तिकडच्यांना पाणी!"

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. बाराही कप वाजवले. मग थांबल्या, आणि पुन्हा बाराही वाजवले. त्यांनी कधीही एक कप दोनदा वाजवला नव्हता. मग चार कप एका बाजूला काढून ठेवले आणि म्हणाल्या, "हे खोकतात. बाकीचे आठ चांगले."

मालकांनी ते चार उलटे केले. चारही आमचे.

शालूचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी तर त्या चार कपांकडे, घरातलंच कुणीतरी चोर निघावं तशी बघत राहिले.

"मावशी, परत एकदा बघा," मालक म्हणाले.

"दोनदा बघितलं साहेब. तिसऱ्यांदा वाजवला म्हणून तो वेगळं बोलणार आहे का?" मग माझ्याकडे वळून, "लिहा मॅडम. ऐकलं ते लिहा."

दुपारी मालकांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. म्हणाले, "बाई, साठ माणसं आहेत इथे. तुम्ही धरून, मावशी धरून. दाखला इंग्रजीतच जायचाय. मी काय म्हणतो ते तुम्हाला कळतंय ना?"

मला कळत होतं. मुलांनो, मी ते लिहिलं. सहाही परदेशी कप सदोष, आवाज बद्द, उष्णतेने तडकण्याचा संभव. आमचे सहाही निर्दोष. फार सफाईदार इंग्रजीत लिहिलं, एकही खाडाखोड नाही. माझी निवृत्ती वर्षभरावर होती, हेही माझ्या मनात होतं. साठ माणसांचं नाव पुढे करून मी ते मागे लपवलं.

द्वारकाबाई सातवी शिकलेल्या. मराठी पेपर रोज वाचत, पण इंग्रजी येत नव्हतं. मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी पेन हातात घेऊन विचारलं, "मी सांगितलं तेच आहे ना, मॅडम?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

दोन महिन्यांनी एक तरुण अधिकारी चौकशीला आले. अर्ज आणि दाखला त्यांच्या हातात होता. त्यांनी द्वारकाबाईंना हिंदीत विचारलं, "आपने लिखा है कि बाहर के छहों कप खराब थे?"

द्वारकाबाईंना वाटलं त्यांचीच काही गफलत होते आहे. त्या हसून म्हणाल्या, "उलटं ऐकलं तुम्ही साहेब. बाहेरचे सगळे अच्छे थे. चार खराब होते ते आपले."

अधिकाऱ्यांनी दाखला पुढे धरला. "ये साइन आपकी है?"

त्यांनी सही बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कप वाजवल्यावर आवाज यायच्या आधी जसा चेहरा करत, तसा. मी खाली बघितलं. मला वाटलं, आता त्या माझं नाव घेणार.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "वाचता येत नसताना केली, ती चूक माझी. पण कपाचं मी सांगते तेच खरं." आणि मालक, अधिकारी, सगळ्यांसमोर कप पुन्हा वाजवून दाखवायला त्यांनी लाटण्याची मूठ मागवली.

अर्जाचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. आता वाटतं, एका लहान कारखान्याच्या कागदाने देशांचे करार थोडेच हलतात? पण त्या दिवशी सगळ्यांना एकच दिसलं. द्वारकाबाईंनी घरच्यांविरुद्ध साक्ष दिली. जेवणाच्या सुट्टीत बायका त्यांच्याजवळून डबे उचलून उठल्या. शालू मोठ्याने म्हणाली, "स्वतःचा कान मोठा केलास मावशी, आमच्या तोंडचा घास काढलास!"

"शालू," त्या भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "जा, भट्टीची मागची भिंत वाजवून ये, आणि मग मला बोल."

मी चार पावलांवर होते. दाखला कुणी बदलला हे मालक, मी आणि त्या सोडून कुणाला माहीत नव्हतं. मी उठून सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी भट्टी विझली. ती पूर्ण थंड व्हायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई आत गेल्या आणि मागच्या भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "दोन बोटं रुंद फट आहे. हात जाईल आत."

मालकांनी जागा विकली आणि कल्याण-शीळ रस्त्याला गोदाम घेतलं. खोक्यांतून तेच परदेशी कप येऊ लागले, काठाखाली निळी रेघ असलेले. मालकांचं पूर्वीपेक्षा बरं चाललं. पॅकिंगच्या बायका कुणी घरकामाला लागल्या, कुणी मॉलमध्ये सफाईला. शालू बरेच दिवस घरीच होती. मला तोवर निवृत्ती मिळाली होती. आणि एक दिवस मला कळलं की द्वारकाबाई त्याच गोदामात जातात. वाटेत दचके बसून तडकलेले कप निवडून काढायला! माझा विश्वास बसेना.

एका रविवारी दारावरची घंटा वाजली. वर्तकनगरच्या आमच्या घरी, भट्टी विझल्यावर तीन वर्षांनी, दारात द्वारकाबाई.

"सुमनताई, आहात का?"

तोवर त्यांनी मला कायम 'मॅडम' म्हटलं होतं. मॅडम गेली ती गेली, पुन्हा कधी आली नाही. मी चहा केला. त्यांनी कपावर टिचकी मारली, मान कलती केली, चहा प्यायल्या. मी विचारलं, "तुम्ही त्या गोदामात कशा जाता हो? तेच कप हातात घ्यायचे!"

"कपाने काय केलंय? त्याला थोडंच माहीत आहे तो कुठल्या देशात भाजला. आमची वैशाली स्टेशनजवळ चहा-नाष्ट्याची गाडी लावते, तीही हेच कप घेते. परवडतात तिला. पूर्वी आमच्या दोन नंबरवाल्यांत अर्धे फुटायचे." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी एका कामाला आलेय. मला इंग्रजी वाचायला शिकवा."

"या वयात?"

"सही करायचं वय आहे तर वाचायचं का नाही?"

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं त्या दर रविवारी येत. चार वाजता, खाकी कव्हर घातलेली वही घेऊन. शब्द समोर आला की आधी बोटाने वहीवर ठोकत, मग उच्चारत. लिहायचं पण बोलायचं नाही असं अक्षर आलं की वैतागत. "हे मुकं आहे, मग पाटीत ठेवलंय कशाला? काढा बाहेर!" मी हसून हसून बेजार होई. असे पुष्कळ रविवार गेले आणि मला वाटू लागलं की ते जुनं प्रकरण त्या विसरल्या.

एका रविवारी त्यांनी वही उघडलीच नाही. "आता ते पत्र काढा," म्हणाल्या.

"कुठलं?"

"तुम्ही फेकलं नसणार. तुम्ही काही फेकत नाही."

खरं होतं. कारखाना सोडताना मी त्या विषयाची सगळी फाईल घरी आणली होती. ती काढून दिली. त्यांनी बोट ठेवून दाखला वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ, मोठ्याने. अडल्या की थांबत, आणि अर्थ मला सांगायला लावत. 'सदोष' मला सांगावं लागलं. 'निर्दोष' मला सांगावं लागलं. तुमचे आजोबा आतल्या खोलीतून उठून दारात येऊन उभे राहिले. त्यांनाही हे तेव्हाच कळत होतं.

शेवटी स्वतःच्या सहीवर बोट ठेवून त्या थांबल्या. "इंग्रजी छान आहे हो तुमचं," म्हणाल्या.

शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. मी रडू लागले, माफी मागू लागले. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष फायलीत होतं. दाखल्याच्या मागची पानं त्या उलटत होत्या. परिपत्रकं. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे? वर्ष आणि पुढे आकडे. आकडे कमी कमी होत जातात."

मी सांगितलं. दरवर्षी कर किती उतरणार त्याचा तक्ता.

"हे तुमच्याकडे कधी आलं?"

"करार झाला तेव्हाच."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. अधिकाऱ्यांसमोर त्यांनी जे माझ्याकडे बघितलं होतं, त्यात एवढा धक्का नव्हता. "म्हणजे इतकी वर्षं होती हातात? भिंत बांधायला एक महिना लागतो, सुमनताई. हे आम्हाला कुणी मराठीत सांगितलं असतं, तर बायकांनी साहेबांच्या दारात बसून भिंत बांधून घेतली असती. मी एकटी दर शनिवारी बोंबलत होते. तुम्ही नुसतं फायलीला लावलंत?"

त्या कागदातलं आपल्या माणसांना सांगायचं असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. खोट्या दाखल्याची लाज मला होतीच. ही दुसरी चूक मला त्यांनी दाखवेपर्यंत दिसलीसुद्धा नव्हती.

त्यांनी पेन्सिल मागितली. दाखल्याच्या खाली, सहीच्या शेजारी, वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांत चार ओळी लिहिल्या. फॉरेन कप सिक्स. ऑल गुड. अवर कप सिक्स. फोर कफिंग, म्हणजे चार खोकणारे. तारीख घातली नाही. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता ही सही माझी. आणि काय झालं ते तुम्ही कधीतरी सरळ मराठीत लिहा."

"कुणासाठी?"

"ज्यांना तुम्ही उलटं सांगाल त्यांच्यासाठी."

पुढचे रविवारही त्या येत राहिल्या. गुडघे दुखायला लागल्यावर बंद झालं. मग मी कोपरीला जाई, तेही मागच्या वर्षी थांबलं. वैशाली सांगत होती, शेवटच्या दिवसांत औषधाच्या खोक्यावरचं सगळं त्या स्वतः वाचत आणि मगच गोळी घेत. डॉक्टर चिडवत, "आजी, माझ्यावर विश्वास नाही का?" तर म्हणत, "आहे हो. पण त्याला बोलू तरी द्या."

ईरा, करार चांगला की वाईट, हे तू शिकून मला सांग. मला ते अजून धड सांगता येत नाही. वैशालीची गाडी त्याच कपांवर चालते आणि शालूचं काम त्याच कपांनी गेलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आमची भट्टी कराराच्या आधीपासून खचलेली होती, आणि ज्यांना ते कळत होतं त्यांना कागद वाचता येत नव्हते, ज्यांना कागद वाचता येत होते त्यांनी ते फायलीला लावले. तुझ्या वहीत हे लिही.

तो दाखला माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, खाली पेन्सिलच्या चार ओळी आहेत. वैशालीने मला लाटण्याची मूठ दिली, ती त्याच्याशेजारी ठेवली आहे. आणि आमच्या कारखान्याचा निळ्या रेघेचा एक कप आहे. काल मी तो वाजवून पाहिला. तो मागच्या भिंतीकडचा आहे.